विमानाच्या मागें उभे राहून

आमच्या वाईच्या घरीं विमानें तयार होऊं लागलीं आहेत हें कळल्यापासून अनेक स्नेही आमच्याकडे चौकशी करूं लागले आहेत. कोणी कौतुक करतात, कोणी साठी उलटल्यावर हें कसलें खूळ म्हणून थट्टा करतात, पण बहुतेकांच्या बोलण्याचा रोख शेवटीं एकाच प्रश्नाकडे वळतो : "आमच्या मुलांना हें साधेल काय, आणि आरंभ कोठून करावा?" प्रत्येकास निराळें उत्तर देत बसण्यापेक्षां एकदां सविस्तर लिहावें असें आम्हीं ठरविलें. लिहितांना आमच्या फजितीचा भाग वगळण्याचा मोह झाला होता. पण तो वगळला तर या छंदानें आम्हांस जें शिकविलें तेंच नेमकें राहून जाईल, म्हणून तोही सांगत आहों.

गेल्या दिवाळीच्या सुट्टींतील गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंची नात सातवींत शिकते. एके दुपारीं ती आमच्या खोलींत आली आणि तिनें विचारलें, "अण्णाआजोबा, विमान उडतें तें पुढच्या पंख्यामुळें, कीं बाजूच्या पंखांमुळें?" आम्हीं शाळेंत एकतीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविलें असल्यामुळें उत्तर जिभेवरच होतें. पंखा विमानास पुढें ओढतो. पुढें जाणारे पंख हवेला खालीं ढकलतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पंखांना वर उचल मिळते. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "मग करून पाहूं या." एकतीस वर्षांत फळ्यावर आम्हीं किती विमानें काढलीं असतील याची गणती नाहीं; त्यांतील एकही उडालें नव्हतें. तेव्हां "नाहीं" म्हणण्यास आम्हांस तोंडच उरलें नाहीं.

खेळण्यांतलें विमान ही कांहीं क्षुद्र वस्तु नव्हे. १८७१ सालीं पॅरिस येथील त्विलेरी बागेंत आल्फोंस पेनो नांवाच्या तरुणानें पिळलेल्या रबरावर चालणारें एक हलकें विमान लोकांसमोर उडविलें, आणि शेपटीची योजना नीट केली असतां विमान आपला तोल आपणच सांभाळतें हें दाखवून दिलें. पुढें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांसाठीं रबरावर उडणारें एक भिरभिरें घरीं आणलें. तेंही पेनोच्याच धर्तीचें होतें. तीं मुलें म्हणजे विल्बर व ऑर्व्हिल राइट. विजेच्या लहान विमानांचा इतिहास त्यामानानें अलीकडचा आहे. १९५७ सालच्या जून महिन्यांत इंग्लंडांत कर्नल टॅपलिन यांनीं 'रेडिओ क्वीन' नांवाचें विजेच्या मोटरीचें विमान रेडिओच्या साहाय्यानें उडविलें. १९७३ सालीं ऑस्ट्रियांत माणसास घेऊन विजेवर उडणारें विमान कांहीं मिनिटें आकाशांत राहिलें. त्यामागेंही फ्रेड मिलिट्की या लहान विमानें रचणाऱ्या गृहस्थाचीच दीर्घ खटपट होती. त्या काळीं मुख्य अडचण होती ती बॅटरीच्या वजनाची. लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर या दोहोंमुळें ती आतां सरली आहे, आणि कर्नलसाहेबांना मोठ्या सायासानें जें साधलें तें सातवींतल्या मुलीच्या आवांक्यांत आलें आहे.

आतां आरंभाविषयीं. नवशिक्यानें लढाऊ विमानाच्या देखणेपणास भुलूं नये. पहिलें विमान संथ, हलकें आणि उंच पंखांचें असावें. म्हणजे धड खालीं व पंख त्याच्या माथ्यावर. पंखांचीं टोकें मध्यापेक्षां किंचित् वर उचललेलीं ठेवावीं. असें विमान एका बाजूस कललें तरी बहुधा स्वतःच सावरतें, आणि नुसत्या शेपटीच्या सुकाणूनें वळवितां येतें. आमच्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १ मीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद होते, आणि सर्व सामानासह त्याचें वजन सुमारें ६०० ग्रॅम भरलें. म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर ३० ग्रॅम भार पडला. हा भार जितका कमी, तितकें विमान सावकाश उडतें. आणि सावकाश उडणारें विमान शिकणाऱ्यास विचार करण्यास अवधि देतें.

धडासाठीं व पंखांसाठीं दोन्ही अंगांस कागद चिकटविलेला ५ मिलिमीटर जाडीचा फोमबोर्ड आम्हीं वापरला. त्यावर काढावयाचे आराखडे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. हत्यारें म्हणाल तर नव्या पात्याचा कटर, लोखंडी पट्टी, गरम गोंदाची ग्लू गन आणि बांबूच्या काड्या एवढींच. सुकाणूसाठीं निराळी बिजागरी लागत नाहीं. एका बाजूचा कागद राखून फोम कापला कीं तो कागदच बिजागरीचें काम करतो. गोंद भरपूर ओतला म्हणजे काम पक्कें होतें, ही समजूत मात्र सोडून द्यावी. शेपटींत वाढलेला एक ग्रॅम तोलण्यास नाकांत दोनतीन ग्रॅम घालावे लागतात.

विजेच्या सामानाचीं नांवें ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. हातांतील ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर आज्ञा पाठवितो आणि विमानांतील रिसीव्हर त्या घेतो. नऊ-नऊ ग्रॅमच्या दोन सर्व्हो मोटरी शेपटीच्या दोन पट्ट्या तारेनें हलवितात. उभ्या पट्टीनें, म्हणजे सुकाणूनें, विमान डावीउजवीकडे वळतें. आडव्या पट्टीनें नाक वरखालीं होतें. बॅटरीची वीज मुख्य मोटरीस मोजून देणारा जो वेगनियामक असतो, त्याला बाजारांत ईएससी म्हणतात. आमच्या मोटरीवर '१००० केव्ही' असें लिहिलेलें आहे. आम्हीं तें मोठ्या आत्मविश्वासानें 'हजार किलोव्होल्ट' असें वाचलें. नातीनें हळूच सांगितलें कीं त्याचा अर्थ दर व्होल्टास बिनभाराचे हजार फेरे असा आहे. तीन घटांची बॅटरी ११.१ व्होल्टांची, तेव्हां मोटर भार नसतांना मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेणार. बॅटरी २२०० मिलिअँपिअर-तासांची. सरासरी १२ अँपिअर वीज खर्च झाली तर ती ११ मिनिटांत रिती होईल. पण ती पूर्ण रिती करावयाची नसते, म्हणून आठव्या मिनिटास गजर लावून विमान खालीं आणावें. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकीं कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. आणि घरांत करावयाची प्रत्येक तपासणी पंखा काढून ठेवूनच करावी. फिरणारा पंखा बोट ओळखत नाहीं.

यानंतर विमानाचा गुरुत्वमध्य पाहावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागें रुंदीच्या चतुर्थांश ते तृतीयांश अंतरावर, म्हणजे आमच्या विमानांत ५ ते ६.५ सेंटिमीटरवर, दोन्ही पंखांखालीं एकेक बोट ठेवून विमान उचलावें. तें समतोल राहिलें किंवा नाक किंचित् खालीं झुकलें तर ठीक; शेपटी खालीं गेली तर बॅटरी पुढें सरकवावी. नाकजड विमान आळशीपणानें कां होईना उडतें, शेपटजड विमान मात्र आवरत नाहीं.

बॅटरीविषयीं दोन शब्द घरांतील वडील मंडळींनीं मुद्दाम वाचावे. या बॅटरींत शक्ति पुष्कळ आणि सहनशीलता थोडी असते. तिचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टांपलीकडे भरूं नये व ३.५ च्या खालीं उतरूं देऊं नये. कांहीं दिवस वापरावयाची नसेल तर घटामागें ३.८ व्होल्टांवर ठेवावी. भरण्यासाठीं सर्व घट सारखे भरणारा चार्जरच घ्यावा, २२०० च्या बॅटरीस २.२ अँपिअरपेक्षां अधिक प्रवाह देऊं नये, आणि ती भरत असतां तेथून उठूं नये. बॅटरी फुगली, चेपली किंवा टोचली गेली कीं तिच्यावर विश्वास टाकूं नये. हें शेवटचें वाक्य आम्हीं अनुभवानें लिहीत आहों.

मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं पहांटेनंतर लगेच आम्ही दोघें गांवाबाहेरच्या माळावर गेलों. त्या वेळीं वारा जवळजवळ नसतो. २०२१ सालच्या ड्रोन नियमांनीं देशाचें आकाश हिरव्या, पिवळ्या व तांबड्या विभागांत वांटलें. तो नकाशा आम्हीं आदल्या दिवशीं पाहून घेतला होता. चालू नियम व नकाशा न पाहतां कोणीही विमान उडवूं नये. विमानतळाच्या आसपास अगर माणसांच्या डोक्यावरून तर नाहींच नाहीं. बॅटरी जोडून आम्हीं विमान चादरीवर ठेवलें आणि त्याच्या नाकासमोर उभे राहून एकेक आज्ञा देऊन पाहिली. काठी उजवीकडे नेली, सुकाणू उजवीकडे वळलें. आमचें समाधान झालें.

नात शेपटीकडे बसली होती. ती म्हणाली, "अण्णाआजोबा, सुकाणू उलटें चाललंय. उजवी दिलीत कीं डावीकडे जातंय."

आम्हीं म्हटलें, "तूं उलट्या बाजूनें पाहत आहेस."

तिनें पुन्हां एकदां, अधिक हळू आवाजांत, तेंच सांगितलें. आम्हीं म्हटलें, "बाळ, डावें-उजवें आम्ही तुझ्या बापाला शिकविलें आहे." यावर ती काय बोलणार?

तिनें विमान वाऱ्याकडे तोंड करून सरळ फेकलें. तें सुरेख वर चढलें आणि थोडें डावीकडे झुकलें. आम्हीं उजवी दिली. तें अधिक डावीकडे झुकलें. आम्हीं आणखी उजवी दिली. दोन श्वासांच्या अवधींत विमानानें डावीकडे गिरकी घेतली आणि नाकावर येऊन तें माळावर आदळलें. पंखा मोडला, नाक चेपलें आणि बॅटरीचा एक कोपरा दबला. चूक सरळ होती. नाकासमोर उभ्या असलेल्या माणसाची उजवी बाजू ही विमानाची डावी असते. उलट्या बाजूनें आम्हीच पाहत होतों. ट्रान्समीटरवरची एक कळ सरकवून ही चूक दोन सेकंदांत दुरुस्त झाली असती. त्यासाठीं एवढेंच पुरें होतें, कीं आम्हीं चार पावलें चालून तिच्या शेजारीं जाऊन उभें राहावें.

घरीं येतांच आम्ही बॅटरी नेहमींच्या कपाटांत ठेवावयास निघालों होतों. सूनबाईंनीं, म्हणजे मुलीच्या आईनें, ती पाहून म्हटलें, "अण्णा, ही आंत नको." त्यांनीं परसांत भिंतीपासून दूर, वाळू भरलेल्या मातीच्या कुंडींत ती ठेवविली. दीड-दोन तासांनीं परसांतून फुसकारा ऐकूं आला. आम्ही धांवलों तों कुंडींतून दाट पांढरा धूर निघत होता आणि पाठोपाठ हातभर ज्वाळा उठली. वाळू लोटून आम्ही दूर उभे राहिलों. कांहीं मिनिटांत सर्व शांत झालें. पण आमच्या कपाटांत आजोबांच्या वेळच्या पोथ्या आहेत, आणि त्याला लागूनच मातोश्रींचा पलंग आहे. तो दिवसभर आमच्या हातापायांतला कंप गेला नाहीं.

रात्रीं पानांवर सर्व मंडळी होती. दादा, म्हणजे आमचे वडील बंधू, एरवीं जेवतांना बोलत नाहींत. त्या रात्रीं ते बोलले. "या पोरीच्या हट्टापायीं आज वाडा जळायचा होता. हें विमानप्रकरण आजपासून बंद." मुलीनें मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. ताटांतला भात कालवीत राहिलों. सर्वांनीं आमचें मौन म्हणजे दादांच्या निर्णयास संमति असेंच मानलें असावें. आम्ही गप्प कां राहिलों हें आमचें आम्हांस ठाऊक होतें. सगळ्या घरासमोर, लहान मुलांदेखत, "चूक माझी" हे दोन शब्द उच्चारण्याचा प्रसंग आमच्यावर पुष्कळ वर्षांत आला नव्हता.

रात्रभर डोळ्यास डोळा लागला नाहीं. सकाळीं दादा चहा घेत बसले होते, तेथें जाऊन आम्हीं सर्व सांगितलें. तिनें दोनदां सावध केलें होतें. आम्हीं ऐकलें नाहीं. विमान आमच्या हातून पडलें. बॅटरी आम्ही कपाटांत ठेवणार होतों आणि सूनबाईंनीं ती बाहेर नेली. आणि रात्रीं तिला बोल लागत असतां आम्ही गप्प बसलों. दादा पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "हें तिला सांगितलेंस?"

"नाहीं."

"मग आधीं तिच्याकडे जा."

ती माडीवर विमानाचें मोडकें नाक पुढ्यांत घेऊन बसली होती. आम्हीं क्षमा मागितली. तिला मोठा संकोच झाला. खालीं पाहत ती म्हणाली, "तुम्ही पुढून बघत होतात ना, म्हणून तसं दिसलं." म्हणजे माळावर असतांनाच आमची चूक कोठें झाली हें तिनें ओळखलें होतें. आम्ही तिच्या जागीं जाऊन पाहिलें नव्हतें. ती मात्र तेव्हांच आमच्या जागीं जाऊन पाहून आली होती.

दादांनीं बंदी उठविली, पण दोन अटी घातल्या : बॅटरी भरणें व ठेवणें परसांतच व्हावें, आणि उडविण्यापूर्वींची तपासणी दोघांनीं विमानाच्या मागें उभे राहून करावी, दोघांचें एकमत होईपर्यंत विमान हातांतून सुटूं नये. ती यादी आतां त्यांच्याच अक्षरांत दाराआड लावलेली आहे : गुरुत्वमध्य, सुकाणू, आडवी पट्टी, दूर जाऊन संदेश पोहोंचतो कीं नाहीं, संदेश तुटला तर मोटर आपोआप थांबते कीं नाहीं, वारा, माणसें व गुरें. लहान मुलें ती पाठ म्हणतात.

नवें नाक, नवा पंखा व नवी बॅटरी घालून तेंच विमान पौषांत पुन्हां उडालें. या वेळीं काठी तिच्या हातीं होती. विमान दूर जात असतां सर्व सोपें असतें. कारण त्याचें डावें-उजवें आणि आपलें डावें-उजवें एकच असतें. तें वळून आपल्याकडे येऊं लागलें कीं सर्व उलटें दिसतें, आणि शिकणाऱ्यांचीं बहुतेक विमानें तेथेंच पडतात. त्यावर एक सोपा तोडगा आहे : आपल्याकडे येणाऱ्या विमानाचा जो पंख खालीं झुकलेला दिसेल, त्याच बाजूस काठी न्यावी, जणूं त्या पंखाला खालून आधार देत आहों. म्हणजे विमान सावरतें. पण अनुभवी हात असा विचारही करीत नाहींत. ते मनानें विमानांत जाऊन बसतात. नातीला हें तीन रविवारांत साधलें. आम्हांला अजून पुरतें साधलेलें नाहीं.

ज्यांनीं ज्यांनीं आम्हांस विचारलें त्यांना आमचें उत्तर असें आहे. आपल्या मुलांना हें अवश्य साधेल. फोमचा एक पत्रा आणून, मोटरीवांचून, हातानें फेकावयाच्या लहान विमानापासून आरंभ करावा. गुरुत्वमध्य पुढेंमागें सरकविल्यानें काय होतें हें एका दुपारींत समजतें. मग मोटर घ्यावी. वडील मंडळींनीं बॅटरीजवळ बसावें, माळावर बरोबर जावें, आणि तपासणीच्या वेळीं नाकासमोर उभें राहूं नये. गेल्या रविवारीं आम्ही निघालों तेव्हां दादाही काठी टेकीत बरोबर आले. विमान चादरीवर ठेवल्यावर ते सवयीनें पुढच्या बाजूस जाऊन उभे राहिले. नातीनें त्यांचा हात धरला आणि त्यांना मागें आणलें, आणि ते निमूटपणें आले.